हाकेला ओ

ग्रंथालयात तिला सगळे बाई म्हणत. पाळणाघरातल्या पोरांसाठी मात्र ती गोष्टवाली होती, आणि खरं सांगायचं तर तिला हेच नाव जास्त आवडायचं. दर बुधवारी सकाळी बालविभाग सहकाऱ्याच्या हवाली करून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून ती निघायची. पिशवीत जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, हातात घालायची एक कापडी बदकीण आणि तिचा स्वतःचा दम्याचा पंप. पंप पाहून पोरं विचारायची, ही बदकिणीची शिट्टी का? ती हो म्हणायची. खोटं बोलण्याचा तिला धंद्यानेच परवाना दिलेला होता.

पाळणाघर टायरच्या दुकानामागे होतं. पूर्वी तिथे गाड्या दुरुस्त व्हायच्या. भिंतींना पिवळा रंग दिला होता, त्यावर ढगही काढले होते, पण ऊन चढलं की फरशीतून जुन्या तेलाचा वास वर यायचाच. एक मोठी खोली, तिच्या बाजूला तान्ह्यांची, मागे स्वयंपाकघर. चालवणाऱ्या बाईला पोरं, त्यांच्या आया आणि दूधवालाही ताईच म्हणत. ताई नियमांची पक्की. दाराची कडी उंचावर, घंटा वाजली की ती स्वतः किंवा मदतीची मावशी उघडणार, तिसऱ्या कुणी कडीला हात लावायचा नाही. असे तिचे ढीगभर नियम होते, आणि गोष्टवाली त्यातले निम्मे हसण्यावारी न्यायची.

पोरांना दुपारी झोपायला सतरंज्या आणि चादरी होत्या. कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून मावशीने प्रत्येकाच्या चादरीच्या कोपऱ्यात एकेक खूण शिवली होती. एकाला ठिगळ, एकाला लाल फीत, एकाला लोकरीचा गोंडा. हळूहळू खुणांचीच नावं पडली. ठिगळ आणि फीत जुळी भावंडं होती आणि एकमेकांना चावायची. गोंडा सारखा रडायचा. आणि कोपऱ्यात, खिडकीखाली, बटण.

बटण चार वर्षांची होती. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. खायची, झोपायची, सांगितलं की चप्पल घालायची, पण बोलायची नाही, आणि हाक मारली की यायची नाही. उलट हाक ऐकली की चादर डोक्यावरून ओढून घ्यायची आणि इतकी निश्चल व्हायची, की खाली मूल आहे की नुसता गोळा झालेला कपडा, ते कळू नये. कोटाला लावतात तसलं चादरीवरचं ते मोठं काळं बटण तेवढं दिसायचं.

"तिला राहू द्या," पहिल्याच दिवशी ताई म्हणाली होती. "ती हाकेला येत नाही. तिच्या आईनेच तसं सांगून ठेवलंय."

"कसं सांगून ठेवलंय?"

"की कुणी बोलावलं तरी जायचं नाही. आई न्यायला येते तेव्हा तीही हाक मारत नाही. नुसता चादरीवर हात ठेवते. मग उठते पोर."

"अहो, पण असं का?"

"घरच्या गोष्टी आहेत बाई. मला बोलता यायचं नाही." ताईने दुधाची भांडी गोळा केली आणि विषय संपवला.

गोष्टवालीच्या मनातून मात्र तो संपला नाही. काय ही आई, असं तिच्या मनात आलं. रुग्णालयाच्या धुलाईखात्यात दिवसभर चादरी उकळणारी, थकलेली बाई. तिला संध्याकाळी कटकट नको असेल, म्हणून पोरीला गप्प बसायचं वळण लावलं असेल. असल्या आया गोष्टवालीने पुष्कळ पाहिल्या होत्या, निदान तिला तसं वाटायचं. आणि तिचं एक ठाम मत होतं. जे मूल हाकेला ओ देतं, तेच पुढे पुस्तकाला ओ देतं. आधी कान, मग जीभ, मग अक्षर. हे ती सभांमध्ये सांगायची, कार्यालयातल्या साहेबांना सांगायची, बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही सांगायची. आता तिने ठरवलं, की या पोरीला चादरीबाहेर काढायचंच. हात धुवून मागे लागणं म्हणतात, तशी ती लागली.

बदकिणीची गोष्ट तिने त्यासाठीच निवडली. गोष्ट तशी साधीच. संध्याकाळ होते, बदकीण पिल्लांना घेऊन घरी निघते, तर पिल्लं गवतात दडून बसलेली. ती हाक मारते: पिल्लू माझं लपलं कुठे? पंख माझा रिकामा इथे. मग एकेक पिल्लू 'आले, आले' करत पंखाखाली शिरतं. गोष्टवालीने त्याचा खेळ केला. सगळ्यांनी आपापल्या चादरीखाली लपायचं. तिने हाक मारायची. चादर फेकून पळत यायचं आणि तिच्या कुशीत घुसायचं. एकच पुस्तक तिने चार बुधवार वाचलं. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, लहानांना येत नाही, उलट पुढचं माहीत असण्यातच त्यांना गंमत असते, आणि ही गंमत तिच्या कामाची होती.

पहिल्या बुधवारी ठिगळ आणि फीत एकदमच धावली आणि तिला उलथी पाडून गेली. बटण हलली नाही. दुसऱ्या बुधवारी चादर थोडी वर झाली. तिसऱ्या बुधवारी हाक मारताना गोष्टवाली 'रिकामा' या शब्दाच्या आधी थांबली. हा तिचा ठेवणीतला उपाय होता. ओळ अर्धी सोडायची आणि गप्प बसायचं, म्हणजे मुलाला राहवत नाही, ते शब्द भरतं. पंख माझा... तिने सोडून दिलं. खिडकीखालून, चादरीच्या आतून, बारीक खरखरीत आवाज आला, "रिकामा."

मावशीच्या हातातला डाव खाली पडला.

आणि चौथ्या बुधवारी बटण आली. चादर पायात अडकून पडली, उठली आणि "आले, आले" म्हणत सरळ गोष्टवालीच्या पोटावर येऊन आदळली. तिचे केस घामाने ओले होते आणि ती मोठ्याने हसत होती. गोष्टवालीला भरून आलं. दगडाला पाझर फोडला, असंच तिला वाटलं, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने फोन काढून त्या हसणाऱ्या तोंडाचा फोटो घेतला. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो नकोत, हा ताईच्या ढीगभर नियमांपैकी एक होता. पण ताई तेव्हा तान्ह्यांच्या खोलीत होती, आणि इतक्या गोड तोंडाला नियम कसला लावायचा.

फोटो मोठा करून तिने ग्रंथालयाच्या दर्शनी फलकावर लावला. खाली लिहिलं, बदकिणीच्या गोष्टीत रमलेली आमची बुधवारची श्रोती. पाळणाघराचं नावही लिहिलं, कारण ताईला बरं वाटेल.

फलकासमोर तो माणूस उभा होता तेव्हा ती परत आलेली पुस्तकं मांडत होती. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात काही नाही. बराच वेळ तो फोटोकडे पाहत राहिला. मग बालविभागाच्या दारात येऊन अदबीने थांबला.

"ते बदकाचं पुस्तक मिळेल का?" तो म्हणाला. "माझ्या मुलीला आवडतं असं कळलं."

गोष्टवाली या कामात इतकी वर्षं होती, पण मुलीसाठी पुस्तक मागायला आलेला बाप तिने पाहिला नव्हता. आया येत, आज्या येत, सुट्टीत एखादा मामा येई. बाप आलाच तर वर्तमानपत्र चाळायला. तिने त्याला पोरांच्या ठेंगण्या खुर्चीवर बसवलं आणि त्याचे गुडघे छातीशी आले.

"कोणती तुमची?"

"ती फोटोतली," तो म्हणाला. "कामामुळे मी बाहेरगावी असतो. भेट होत नाही. म्हटलं, वाचून दाखवावं."

त्याला वाचायला नीट येत नव्हतं. जोडाक्षराला अडखळायचा आणि कान लाल व्हायचे. ती हुरळूनच गेली. तिने त्याला शब्दाखालून बोट कसं फिरवायचं ते दाखवलं, चित्राकडे आधी पाहू द्यायचं ते सांगितलं, आवाज कुठे चढवायचा, कुठे खाली आणायचा ते म्हणून दाखवलं. तो आणखी दोनदा आला. त्याचा आवाज चांगला होता, भरदार आणि मऊ, रेडिओवर बोलणाऱ्यांचा असतो तसा. हाकेची ओळ त्याने पाठ केली.

"इथे थांबायचं," ती म्हणाली. "रिकामाच्या आधी. तुम्ही थांबलात की ती स्वतः म्हणेल."

"पंख माझा..." तो थांबला. मग त्याने डोळे पुसले. ते खोटं नव्हतं. पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हाही ती हेच म्हणाली, की ते रडणं खोटं नव्हतं, आणि पोलिसांनी ते लिहून घेतलं नाही.

"बुधवारी अकराला मी तिथेच असते," ती त्याला म्हणाली. "तुम्हीच या ना. तुम्हीच हाक मारा. पोर केवढी खूश होईल."

"चालेल ना त्यांना?"

"न चालायला काय झालं? बाप आहात तुम्ही."

असल्या वाक्यांची माणसाला पुढे शरम वाटते. पण ती म्हणताना जीभ कशी लोण्यासारखी वळते.

त्या बुधवारी ताई तान्ह्यांच्या खोलीत होती, कारण एका बाळाचं पोट बिघडलं होतं. मावशी मागे दूध तापवत होती. पोरं चादरीखाली गेली होती, सगळीकडून दबलेलं खुदखुदणं चाललं होतं, आणि घंटा वाजली.

"मी बघते," गोष्टवाली म्हणाली. चवड्यांवर उभी राहून तिने कडी काढली.

तो तसाच होता. इस्त्रीचा शर्ट. आत येऊन त्याने पायातले बूट काढले, ते तिला आवडलं. तिने ओठांवर बोट ठेवून त्याला मधल्या सतरंजीवर बसवलं आणि सगळ्या चादरींना उद्देशून म्हणाली, "आज हाक मी मारणार नाही बरं का. आज एक पाहुणे आलेत."

त्याने घसा साफ केला. "पिल्लू माझं लपलं कुठे?" तो म्हणाला. अगदी तिने शिकवलं तसं. "पंख माझा..."

आणि तो थांबला.

"रिकामा!" खिडकीखालून आवाज आला. चादर उडाली. बटण धावत निघाली, "आले, आले" म्हणत, दोन्ही हात पुढे करून, आणि सतरंजीच्या कडेशी येऊन तिने वर पाहिलं.

तिचे पाय तिथेच थांबले. हात तेवढे पुढेच राहिले, मागे घ्यायचं तिला सुचलं नाही. त्याने तिला त्या हातांनीच उचललं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिच्या पायजम्यातून खाली फरशीवर धार लागली आणि ठिगळ हसायला लागला.

"आनंदाने झालं," गोष्टवाली म्हणाली. खरंच म्हणाली.

"बाहेर गाडीत तिच्यासाठी पुस्तक आणलंय," तो म्हणाला. "दाखवून आणतो. जरा कोरडी पण होईल."

कडी अजून लावलेली नव्हती. तिने दार धरलं. तो एका हाताने बूट उचलून बाहेर पडला, आणि त्याच्या खांद्यावरून पोरीचं तोंड दिसलं. डोळे गोष्टवालीवर रोखलेले. तिने तिला टाटा केला.

ताई हात पुसत बाहेर आली तेव्हा तिने आधी फरशीवरचं पाणी पाहिलं, मग उडून पडलेली बटणाची चादर, मग दार. "कोण आलं होतं?" तिने विचारलं. गोष्टवालीने सांगायला सुरुवात केली, हसतच केली, आणि ताईच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता तिच्या पायाखालची जमीन सरकली. ताई अनवाणी रस्त्यावर धावली. टायरच्या दुकानातल्या माणसांनी एक निळी गाडी गेल्याचं सांगितलं. कुठे गेली, ते कुणाला सांगता येईना.

पोरीची आई कामावरच्या कपड्यांतच आली. तिच्या हातांची कातडी पाण्याने पांढरी पडली होती आणि अंगाला औषधी साबणाचा उग्र वास होता. पोलिसांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. गोष्टवाली तिच्यासमोर उभी होती आणि तिला मनातून वाटत होतं, हिने आता माझ्या तोंडात मारावं. निदान शिव्या तरी द्याव्यात. आई तसलं काही बोलली नाही. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"ती स्वतः आली? पळत?"

"हो," गोष्टवाली म्हणाली.

आईने मान हलवली. मग तिने खाली वाकून चादर उचलली, नीट घडी केली आणि काखेत धरली.

बाकीचं गोष्टवालीला तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि प्रत्येक तुकडा तिला आधी कळायला हवा होता. घर सोडून त्या मायलेकी दुसऱ्यांदा पळाल्या होत्या. पहिल्यांदा त्याने त्यांना शोधलं ते हाकेनेच. शेजाऱ्यांच्या अंगणात उभं राहून गोड आवाजात पोरीला बोलावलं, पोर बाहेर आली, आणि पोरीमागून आई. नंतर आईच्या जबड्याला तारा घालाव्या लागल्या. त्यावर आईने हे वळण लावलं होतं. हाक म्हणजे गप्प. हात म्हणजे मी. महिनोन्महिने, घरच्या एकाच खोलीत, चादरीखाली बसवून. न्यायालयाचा मनाईहुकूम होता, तो ताईच्या कपाटात होता. वळण मात्र पोरीच्या अंगात होतं, म्हणून आईचा भरवसा त्याच्यावर जास्त होता. आणि ते अंगातलं वळण एका शिकल्यासवरल्या बाईने चार बुधवारांत काढून टाकलं होतं, वर त्याचा फोटो लावला होता.

फलकावरचा फोटो साहेबांनी उतरवून घेतला. बुधवार बंद झाले. तिला कुणी कामावरून काढलं नाही, फारसं कुणी बोललंही नाही, उलट सहकारी समजूत काढत. तुला काय माहीत, तू चांगल्या मनानेच केलंस. ते ऐकलं की तिला पंप काढावा लागायचा. चांगल्या मनाचा तिला आता वीट आला होता. ती पुस्तकांना कव्हरं घालत बसायची आणि दाराशी पाऊल वाजलं की हातातलं काम टाकून वर बघायची.

पोर सापडली. दूरच्या गावी त्याच्या एका मित्राच्या गोदामात, जिवंत. ताईने फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "हात प्लास्टरमध्ये आहे. केस कापलेत. बाकी विचारू नका." गोष्टवालीने फोन ठेवला. पुस्तकांच्या मांडणीमागे जाऊन ती जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

त्यानंतर कधीतरी भर दुपारी, पोरीची आई ग्रंथालयात आली. बालविभागात त्या वेळी कुणी नव्हतं. ती ठेंगण्या खुर्च्यांमध्ये उभी राहिली आणि इकडेतिकडे न बघता बोलायला लागली, जणू वाटेभर तेच घोकत आली होती.

"तो आत आहे. पण सुटेल. वकील म्हणाले, फार दिवस ठेवणार नाहीत."

"बसा ना," गोष्टवाली म्हणाली.

"नको. ती अजून येते."

"कोण?"

"पोर. ती ओळ म्हटली की येते. तिथे तो रोज म्हणायचा. चादर नव्हती, तर पोत्याखाली लपायची, आणि त्याने ओळ म्हटली की बाहेर यायची. मारणार हे माहीत असून यायची. मी घरी म्हणून बघितलं. माझ्या तोंडूनही आली. धडपडत. प्लास्टरसकट."

"मी सांगून दमले. मारून पण बघितलं एकदा, खोटं कशाला बोलू. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते. तुम्ही शिकवलंत, तुम्हीच काढा."

"अहो, असं एकदम नाही जात. वेळ लागतो त्याला."

"तुम्ही चार बुधवार घेतलेत ना शिकवायला," आई म्हणाली. "तेवढे घ्या."

ती राहायची ती खोली नवी होती, दोन जिने चढून. खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला. एक गादी, एक शेगडी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, दाराला तीन कड्या. बटण भिंतीशी बसली होती. कापलेल्या केसांत तिचे कान मोठे दिसत होते. गोष्टवालीला पाहून ती हसली, आणि ते हसू त्या खोलीत कुणालाच नको होतं.

गोष्टवालीने नवी गोष्ट तयार करून आणली होती. यातली बदकीण हाक मारत नाही. ती चालत येते, पिल्लाशेजारी बसते आणि पंख पसरते. हाक मारणारं जे कुणी असेल, त्याचा आवाज कितीही गोड असो, ते बदक नव्हे. पिल्लू गवतातच बसून राहतं. बस्स, एवढीच गोष्ट. तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती ती, आणि ती तिने फार काळजीने रचली होती.

"आता लप," ती म्हणाली. चादर आली. कोपऱ्यातलं बटण वर. "मी हाक मारणार. पण मी बदकीण नाही. यायचं नाही. कळलं?"

बटणने चादरीखालून मान हलवली. गोष्टवालीने ओळ म्हटली.

"आले, आले!" पोर धावत आली. प्लास्टरचा हात पुढे धरून ती गोष्टवालीच्या पोटाशी आली आणि तिथे घुसायला जागा शोधू लागली.

"जवळ घ्यायचं नाही," आई दाराशी उभी राहून म्हणाली.

गोष्टवालीने दोन्ही तळवे जमिनीवर दाबून ठेवले. मान भिंतीकडे वळवली. पोर तिच्या गळ्यात पडली, तिच्या गालाला नाक लावलं, तिचा एक हात ओढून आपल्याभोवती घ्यायला पाहिला. हात आला नाही. बऱ्याच वेळाने ती मागे सरकली. आईने तिला परत चादरीखाली नेलं आणि म्हणाली, "परत."

पहिल्या बुधवारी ती दर वेळी आली. दुसऱ्या बुधवारी येताना 'आले' म्हणेनाशी झाली. गोष्टवाली घरी जाऊन न जेवता पडून राहायची आणि पुढच्या बुधवारी पुन्हा ते जिने चढायची, कारण न जाण्याचा हक्क तिला उरलेला नव्हता. तिसऱ्या बुधवारी पोर निम्म्या वाटेपर्यंत आली, गोष्टवालीच्या जमिनीवर दाबलेल्या हातांकडे पाहिलं आणि स्वतःहून परत फिरली. आईने चादरीवर हात ठेवला तेव्हा मात्र लगेच बाहेर आली. आई तिला घट्ट धरून मागेपुढे झुलत राहिली, आणि गोष्टवालीला कुणी जा म्हणालं नाही की थांब म्हणालं नाही.

चौथ्या बुधवारी प्लास्टर निघालेलं होतं. हात बारीक आणि पांढरा दिसत होता. पोर चादरीखाली गेली. गोष्टवालीने ओळ म्हटली. काहीच हललं नाही. तिने आवाज बदलून म्हटली, रडवेला करून म्हटली, आपल्या नेहमीच्या गोष्टवालीच्या आवाजात म्हटली, ज्या आवाजावर ठिगळ आणि फीत तिला उलथी पाडायची. चादर निश्चल. खाली मूल आहे की नुसता गोळा झालेला कपडा, ते कळत नव्हतं. फक्त एका बाजूने पायाची दोन बोटं बाहेर राहिली होती.

"जमलं," गोष्टवाली कुजबुजली.

"नाही," आई म्हणाली. "त्याच्यासारखं म्हणा."

गोष्टवालीने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला येतं. तुम्हीच शिकवलंत ना त्याला."

तिला येत होतं. तिने डोळे मिटले, आवाज खाली आणला, भरदार आणि मऊ केला. "पिल्लू माझं लपलं कुठे?" ती म्हणाली. "पंख माझा..."

आणि रिकामाच्या आधी ती थांबली. मुलाला राहवू नये म्हणून थांबतात तशी, अगदी व्यवस्थित. खोलीत शेगडीवरचं पाणी उकळत होतं. आई श्वास धरून उभी होती. चादरीखालून शब्द आला नाही. बाहेर राहिलेली ती दोन बोटं तेवढी हळूच आत गेली.